एसएसएच किल्ली
एसएसएच किल्ली : गिट, सबव्हर्जन यांसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालींत दूरच्या सर्व्हरवरील कोडभांडारात शिरताना प्रोग्रामरची ओळख पटवणारी किल्ल्यांची जोडी. मुक्त प्रकल्पाचा कोड कोणीही वाचावा. त्यात बदल करण्याचा हक्क मात्र मोजक्यांचाच असतो, आणि तो जपण्याचे काम ही जोडी करते.

सीव्हीएस या अशाच जुन्या प्रणालीच्या ‘पीसर्व्हर’ पद्धतीत पासवर्ड केवळ अक्षरांची अदलाबदल करून नेटवर्कवरून जाई. वाटेत टपून बसलेल्याला तो सहज उलगडता येई. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर अशीच पासवर्डचोरी झाल्यावर तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच ही सुरक्षित जोडणीची प्रणाली लिहिली.

जोडीतील खासगी किल्ली प्रोग्रामरच्या संगणकावरच राहते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नोंदवतात. जोडणीच्या वेळी खासगी किल्लीने त्या सत्रापुरती डिजिटल सही होते आणि सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीने पडताळतो. गुपित नेटवर्कवर येतच नाही, आणि पकडलेली सही दुसऱ्या सत्रात चालत नाही. संगणक चोरीला गेला तरी किल्ली वापरता येऊ नये, म्हणून तिला सांकेतिक वाक्याचे संरक्षण देतात.

पासवर्डची वाट शिल्लक राहिली की काय होते, हे पीएचपी प्रकल्पाने अनुभवले. 28 मार्च 2021 रोजी रास्मुस लेरडॉर्फ आणि निकिता पोपोव्ह या प्रकल्पातील प्रोग्रामरांच्या नावांनी दोन घातक बदल भांडारात शिरले. एसएसएचमार्गे येणाऱ्यांसाठी तपासणी होती, पण हे बदल एचटीटीपीएसवरून पासवर्डच्या आधारे आले होते. पुढील तपासात सदस्यांची माहिती फुटल्याची शक्यता पुढे आली. पुढच्या दरवाजाला कुलूप आणि परसदार सताड उघडे, अशी ती अवस्था होती. गिटहब या कोडभांडारे सांभाळणाऱ्या सेवेनेही 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. एचटीटीपीएससाठी टोकन सक्तीचे झाले.

सर्व्हरलाही स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते. पहिल्या जोडणीत पडद्यावर त्याच्या किल्लीचा ठसा दिसतो. अनेकजण तो न पाहताच ‘येस’ टाइप करतात. 24 मार्च 2023 रोजी गिटहबने आपली आरएसए सर्व्हर-किल्ली बदलली, कारण तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक भांडारात उघडा पडला होता. त्या दिवशी जगभरच्या प्रोग्रामरना ‘सर्व्हरची ओळख बदलली आहे’ असा इशारा दिसू लागला. अशा वेळी नवा ठसा अधिकृत पानाशी ताडून मगच जुनी नोंद काढायची असते.

ओपनएसएसएच या मुक्त एसएसएच प्रणालीच्या 8.2 (2020) आवृत्तीपासून यूएसबी सुरक्षा-उपकरणावर आधारलेली किल्लीही वापरता येते. सही होण्यापूर्वी सहसा उपकरणाला बोट लावावे लागते.