दुधाच्या दातांची साक्ष

दुधाचा दात पडला की आपल्याकडे तो छपरावर किंवा उंदराच्या बिळात जातो. अमेरिकेत बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल येथील शिक्षकांनी मात्र पहिली-दुसरीतल्या मुलांचे असे दात जमविले. डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी त्यांतील शिसे मोजले आणि १९७९ साली निष्कर्ष छापला. शिसे अधिक असलेली मुले दिसायला धडधाकट होती. बुद्धीच्या कसोटीत व वर्गातल्या अवधानात मात्र ती मागे पडत होती.

घरांच्या नव्या रंगातले शिसे तेथे १९७८ मध्ये बंद झाले, मोटारींच्या पेट्रोलमधले १९९६ मध्ये. जुन्या भिंती तशाच राहिल्या. घर एका खात्याचे, हवा दुसऱ्याचे, आजार तिसऱ्याचे, मूल कोणाचे? २१ एप्रिल १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी हुकूम काढून पर्यावरण व आरोग्य खात्यांच्या प्रमुखांकडे एका समितीचे संयुक्त अध्यक्षपद दिले. इतर खातीही त्यांच्या पंगतीला बसविली. २००० साली समितीने घरांतील जुन्या शिसेरंगाविरुद्ध योजना मांडली. त्याच साली आपले पेट्रोलही शिसेमुक्त झाले.

मी शाळामास्तर. वर्गात ‘ढ’ हा शिक्का फार लवकर बसतो. तो मारण्यापूर्वी पोराच्या घराची भिंतही पाहावी, एवढे त्या इवल्या दातांनी शिकविले.