येवल्याचा माग आणि महारकीचं वतन

जुन्या काळी माणसं आपापल्या कामात समाधानी होती, असं म्हणायची आपल्याकडे रीतच पडली आहे. पुरावा काय, तर आजोबा, बाप आणि नातू एकाच धंद्यात. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात हा पुरावा तपासून पाहता येतो. पैठणी विणणारं हे गाव. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही इथेच. पहिल्या गोष्टीचं कौतुक करणारे दुसरीकडे सहसा वळत नाहीत.

येवल्यात विणकर आणून वसवल्याचं श्रेय रघोजी नाईकांना दिलं जातं. खड्डा मागावर पाय सोडून बसायचं, पदराच्या नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली घ्यायची आणि एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून माघारी फिरवायचा. म्हणूनच अस्सल पैठणी उलटी करून पाहिली तरी मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. पदर भरगच्च असेल तर एकेका साडीला महिने जातात. असं काम करणाऱ्याला त्यात रस नसेल, हे पटत नाही. मोराची मान जमली की नाही, हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. पण कामातला रस वेगळा आणि काम करणाऱ्याची स्थिती वेगळी. रेशीम आणि जरीचा धागा व्यापाऱ्याचा असेल, उचलही त्याचीच असेल आणि कांड्या भरणाऱ्या घरच्या बाईची मजुरी हिशोबातच धरली जात नसेल, तर विणकर मागावर टिकला तो कामाच्या ओढीने की उचल फिटेना म्हणून? नुसत्या पिढ्या मोजून हे कळत नाही.

महार वतन म्हणजे गावकीची पिढीजात चाकरी; तिच्यात तर असा रस असायलाही जागा नव्हती. सरकारी कागद पोचवायचे, अंमलदाराच्या मुक्कामाची तजवीज करायची, मेलेली जनावरं ओढायची. हाक रात्री येवो की पहाटे, जावंच लागे; वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या पुरुषाला धरून नेत. मोबदला म्हणजे इनाम जमिनीचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचं बलुतं. मग अनेक महार कुटुंबं वतनाला चिकटून का राहिली, असा आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. त्याचं उत्तर आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकात सापडतं. चाकरी सोडली की जमीन जाणार, ही खरी गाठ होती. पूर्ण सारा भरून जमीन राखावी आणि चाकरीतून मोकळं व्हावं, ज्याला चाकरी करायची असेल त्याने ती करावी, अशी ती गाठ सोडवायची वाट विधेयकाने सुचवली. माणसं खरोखर समाधानी असती, तर त्यांना एवढी मोकळीक देऊन पाहायला कुणाची ना नसती. पण समितीत विधेयकाची मोडतोड झाली आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडावं लागलं.

समाधानी लोकांना पुढाऱ्यांनी चिथावलं, असंही तेव्हा म्हटलं जाई आणि आजही दबक्या आवाजात म्हटलं जातं. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड तो सांभाळत होते आणि खेड्यापाड्यांतून लोक येत होते. मार खाऊन, तुरुंगात जाऊन, मधल्या खंडांसह काही वर्षं तो चालला. नुसत्या चिथावणीने माणसं इतकी टिकत नाहीत. अखेर त्या वाटेवर शक्ती खर्चू नका, असं आंबेडकरांनी सांगितलं ते येवल्याच्याच परिषदेत.

आज येवल्यात आणि आसपासच्या गावांत शेतकरी घरांतली मुलंही माग शिकली आहेत. त्यांच्या घराण्यात पूर्वी कुणी धोटा हातात धरला नव्हता. विणकामात समाधान आहे का, हे विचारायचं तर आधी त्यांना विचारावं, कारण त्यांना मागावर बसवलं ते जातीने नव्हे. अर्थात तेही म्हणतील की यंत्रमागावरची स्वस्त नक्कल बाजारात आल्यापासून भावाची बोलणी अवघड झाली आहेत.