सेवा करायची तर पगार कसला? पुण्यातलं १८९० सालचं एक भांडण

परवा भाची घरी आली होती. बारावीचा निकाल लागलाय आणि तिच्या डोक्यात बसलंय की पदवी घ्यायची तर समाजकार्यासाठी पैसा उभा करणं आणि सेवाभावी संस्था चालवणं याच विषयात. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात २०१० पासून यात बी.ए. करता येतं, हे तिनेच मोबाईलवर दाखवलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समाजसेवेला डिग्री लागते होय? आणि सेवा करायची तर पगार कसला?"

मी तेव्हा गप्प बसलो. पण याच प्रश्नावर पुण्यात एकदा भलतं मोठं भांडण झालंय, आणि भांडणारे कोण तर टिळक, आगरकर आणि गोखले. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, सांभाळून घ्या.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. चांगली सरकारी नोकरी मिळू शकणारी पदवीधर मुलं मोजक्या पगारावर आयुष्याची वीस वर्षं संस्थेला द्यायला तयार झाली. त्यांना आजीव सभासद म्हणत. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र, म्हणजे मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असं सांगणारं, आपण भाषणांत नेहमी ऐकतो. पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

पुढे घरसंसार वाढले, पगार पुरेना. मग प्रश्न आला की आजीव सभासदाने बाहेर पुस्तकं लिहून, इतर कामं करून पैसे मिळवायचे की नाही? टिळकांचं म्हणणं कडक होतं: सभासदाचा सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेची. आगरकर, गोखले आणि बहुतेक इतरांचं म्हणणं, वर्गातलं काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. त्यात १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि ठिणगी पडली. वर्षअखेर टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहिला आणि संस्था सोडली.

आपण हे सगळं "टिळक-आगरकर वाद" म्हणून सुधारणेच्या खात्यात टाकतो. सुधारणेचा वाद होताच. पण संस्था फुटली ती पगार, बाहेरची कमाई आणि कामाचे तास यांवरून. तिघेही प्रामाणिक, तिघेही त्यागी, तरी हे सुटलं नाही. कारण त्याग किती आणि कुठपर्यंत, हे आधी नीट ठरवून लिहून ठेवलंच नव्हतं.

याच्या पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. ज्या गोखल्यांनी तेव्हा मोकळीक मागितली, त्यांनीच १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज काढला, आणि सभासदांच्या सात शपथांपैकी एक अशी ठेवली की समाज जे देईल त्यात समाधान मानायचं, स्वतःसाठी वेगळी कमाई करायची नाही. म्हणजे पंधरा वर्षांनी गोखले टिळकांच्या मुद्द्यावर आले! पण फरक बघा. या वेळी नियम पहिल्या दिवशी लिहिलेला होता, सभासदाच्या कुटुंबाची सोय समाजाने करायची होती, आणि आधी पाच वर्षांची उमेदवारी होती. त्या काळात वाचन, अभ्यास आणि देशभर हिंडून लोकांची स्थिती बघणं. देशसेवा ही शिकण्याची गोष्ट आहे, हे गोखल्यांनी गृहीतच धरलं होतं. त्या उमेदवारीतून ना. म. जोशी, गो. कृ. देवधर, ठक्करबाप्पा अशी माणसं तयार झाली.

१९३६ मध्ये मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याची शाळा काढली, नागपाड्याच्या वस्तीत. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे आपली 'टिस'. तिथे प्रवेश पदवीनंतर होता. भाचीला पदवीलाच हा विषय हवाय, एवढाच काय तो फरक.

आता एक कडू गोष्ट. डेक्कन काय, भारत सेवक समाज काय, सुरुवातीचे बहुतेक सभासद ब्राह्मण पदवीधर. आगरकर, गोखले गरिबीतूनच वर आले, त्यांचा त्याग खोटा नव्हता. पण सोडायला मोठा पगार हातात यावा लागतो, आणि तो येण्याइतकं शिक्षणच बाकीच्यांपर्यंत पोचलं नव्हतं. भाऊराव पाटलांनी हे ओळखलं. १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवली, आणि घरोघरून मूठ मूठ धान्य जमवलं. मुष्टिफंड! देणाराही गरीबच. ज्या बाईने मूठभर ज्वारी दिली, ती बाई संस्थेला हिशेब विचारू शकते. आजचे कन्सल्टंट हे पैसे घेऊन शिकवतात.

मी स्वतः आमच्या तालुक्यातल्या एका ट्रस्टवर सहा वर्षं होतो. नाव सांगत नाही. अध्यक्ष भला माणूस, पण विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मलाही नाही. दोन कार्यकर्त्या मुलींना आम्ही महिना सहा हजार द्यायचो. वाढ मागितली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ही सेवा आहे, नोकरी नव्हे." मी तिथेच बसलो होतो आणि मान डोलावली. दोघी महिन्याभरात गेल्या. एक आता मॉलमध्ये बिलिंगला आहे, भेटली की हसते, मला मात्र तिच्याकडे बघवत नाही.

काल दाजींना फोन करून हे सगळं सांगितलं. टिळकांच्या राजीनाम्यावर बराच वेळ बोलले. मग विचारलं, "बरं, पण फी किती आहे?" आकडा ऐकून दोघंही गप्प झालो. भाची म्हणते स्कॉलरशिपचा अर्ज भरते, नाहीतर इथेच बी.ए. करून नंतर टिसला प्रवेश घेईन. तोवर तिला एक काम दिलंय: आमच्या त्या जुन्या ट्रस्टच्या तीन वर्षांच्या पावत्या. पिशवीतच पडून आहेत.