चित्र राहिले, नाव गेले

या स्मरणिकेत वर्गातल्या खोड्यांविषयी आणि सरांच्या छड्यांविषयी लिहिणारे पुष्कळ जण असतील. संपादक मंडळाने माझ्याकडे मागितला तो इतिहास, आणि तोही छापील कागदाचा. छपाईच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. आता जुनी मासिके, जाहिराती, कॅलेंडरे, वेष्टने स्कॅन करून इंटरनेटवर सर्वांना पाहता येतील अशी ठेवण्याच्या कामात मी हातभार लावतो. "ही रद्दी कशाला जपायची?" असे लोक विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे.

घारापुरी उरण तालुक्यातली. १९८७ साली युनेस्कोने ती लेणी जागतिक वारशाच्या यादीत घेतली. ती कोणी खोदवली, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. सहाव्या शतकातली, कलचुरींच्या काळातली, असे बऱ्याच जणांचे मत आहे, पण ते नाणी आणि शैली यांच्या आधारावर बांधलेले. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतू याने लिहून ठेवले आहे की, तिथे एक कोरीव शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथे तो कोणालाच वाचता आला नाही आणि पुढे हरवला. मूर्ती जागेवर राहिली, तिची हकीकत सांगणारा दगड गेला. नुसती वस्तू जपून भागत नाही, हे यावरून कळावे.

छापील चित्रांचेही तसेच आहे. ग्राफिक डिझाइन हा शब्द आपल्या वेळी कोणी वापरत नव्हते. पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी सरांनी आपल्याकडून संकल्पचित्र आणि अक्षरलेखन घोटून घेतले, ते हेच. अक्षर, चित्र आणि रंग यांची अशी जुळणी करायची की, रस्त्याने जाणाऱ्याला सांगायचे ते एका नजरेत कळावे.

महाराष्ट्राला या कामाची मोठी परंपरा आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथला देखणा, स्वच्छ देवनागरी टाइप पुढे देशभर नावाजला. रविवर्मा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापाच्या तसबिरींनी घराघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीला चेहरा दिला. दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे सजवली, कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरे बोलकी केली. र. कृ. जोशी यांनी आयआयटीत अक्षरकला शिकवली. संगणकावर मराठी वाचताना वर्षानुवर्षे आपल्यासमोर आलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच.

ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण यांतल्या कोणी सही केली, कोणाचा छापखाना नावारूपाला आला. बाकीचे हजारो हात निनावी राहिले. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकावर आणि पत्रकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले होते. सरकारला आक्षेपार्ह मजकुराबद्दल कोणाला तरी धरायचे होते. चित्र काढणाऱ्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. म्हणून जुन्या पत्रकाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता मिळतो, चित्रकार मिळत नाही.

कागदही फार काळ थांबत नाही. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत जळाला. आगीतून वाचलेल्या कागदाला वाळवी आहे, रद्दीवाला आहे आणि आपल्याकडे तर खारी हवाही आहे.

डिझाइनचे शिक्षण आपल्या देशात १९६० च्या दशकात रुजले. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला. उत्तम डिझाइनचे उदाहरण म्हणून त्यांनी निवडला तो आपला साधा लोटा. तो एका माणसाचा नव्हे, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी घडलेला, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादची एनआयडी आणि १९६९ साली आयआयटी मुंबईची आयडीसी उभी राहिली. या दोन संस्थांनी आयआयटी गुवाहाटीच्या साथीने 'डीसोर्स' हे संकेतस्थळ उभारले असून तिथे देशातल्या कलाकुसरीचे दस्तऐवज कोणालाही फुकट पाहता येतात. बालभारतीनेही आपली जुनी पाठ्यपुस्तके इंटरनेटवर खुली केली आहेत. आपली पहिलीची चित्रे नातवंडांना दाखवायची असतील तर जरूर पाहा.

अशा संग्रहात स्कॅन करणे हे सर्वांत सोपे काम. चित्र मोठे करून ठिपका न् ठिपका दिसेल एवढ्या बारकाईने स्कॅन करायचे, कागदाचा पिवळेपणा पुसायचा नाही, मागची बाजूही घ्यायची. अवघड असते ते शेजारची नोंद भरणे. कोणी काढले, कोणत्या साली, कुठे छापले? कायद्यानेही या नोंदीला किंमत आहे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रे २०३१ संपेपर्यंत परवानगीशिवाय खुली करता येत नाहीत. निनावी चित्राची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. साल माहीत नसेल तर हिशेबच मांडता येत नाही आणि चित्र कपाटातच पडून राहते.

आता आपल्याकडे येतो. मोरा ते भाऊचा धक्का लाँचची तिकिटे, करंज्याच्या होड्यांवर रंगवलेली नावे, बाजारातल्या पाट्या यांची जागा फ्लेक्सने घेतली आणि पाट्या रंगवणारे हात थांबले. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या वेळची पत्रके आणि हाताने रंगवलेले फलक कोणाच्या माळ्यावर असतील तर तो या किनाऱ्याचा इतिहास आहे. मोठ्या शहरातला संग्राहक ते शोधायला इथवर येणार नाही.

आणि आपली हस्तलिखिते! दरवर्षी एकच प्रत निघायची. शाळेच्या कपाटात त्यांतली अकरा सापडली. चारांवर साल नाही, आणि बहुतेक चित्रांखाली नाव नाही. ही प्रत गेली की दुसरी नाही.

संमेलनाच्या दिवशी ग्रंथालयात स्कॅनर ठेवतो आहोत. निरोप समारंभाची कार्डे, प्रशस्तिपत्रके, नाटकाची पत्रके, जे असेल ते घेऊन या. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. मागे पेन्सिलीने साल लिहा, नाव लिहा. स्कॅन करून वस्तू लगेच परत मिळेल.

चित्रकलेचे सर येणार आहेत. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. कोणत्या अंकातली नाव कोणी रंगवली, कोणाचे अक्षर कसे वळायचे, हे त्यांना अजून पक्के आठवते. हस्तलिखिते त्यांच्यापुढे एकेक पान उलटत ठेवायची आहेत आणि ते सांगतील ते शेजारी बसून लिहून घ्यायचे आहे. या कामाला दोन-तीन जण हवे आहेत. ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी सकाळी लवकर यावे.