तेल बदलण्याचा हक्क

अमेरिकेत मोठ्या डिझेल मोटरहोमचं इंजिन ऑइल अनेक मालक स्वतःच बदलतात, ते फक्त पैसे वाचवायला, हे म्हणणं मला अपुरं वाटतं. या रिवाजाला बळ दिलं 1975 च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानं. सर्व्हिसिंग आमच्याकडेच करा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी सक्ती कंपन्यांना करता येईना. तेल-फिल्टरच्या पावत्या जपून ठेवल्या की मालकाची बाजू भक्कम. यावरचा आक्षेप रास्त आहे: मागच्या बाजूच्या इंजिनाचा ड्रेन प्लग सोडला की वीस-पंचवीस लिटर काळंकुट्ट, गरम तेल धो धो येतं, ते गटारात गेलं तर? पण त्यासाठी हक्कच काढून घेणं चूक ठरलं असतं. 1992 च्या संघीय नियमांनी घरगुती तेल बदलणाऱ्यांना वगळलं आणि गोळा झालेल्या तेलाची जबाबदारी संकलन केंद्रांवर टाकली. उणीव उरली ती वेगळीच: काही केंद्रं एका खेपेला पाच गॅलन, म्हणजे जेमतेम 19 लिटरच घेतात.