भरतीचे वेळापत्रक आणि गंधाराची श्रुती

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जायचे तर आधी ओहोटीची वेळ विचारावी लागते. छापील तक्ता जवळ नसला तरी किनाऱ्यावरचा जाणता माणूस तिथी विचारतो आणि तिची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरलेले असणार. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण अडत नाही. याच माणसाला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते आणि पाणी खूप चढते, खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाण्याला ओढ नसते. डोल जाळी प्रवाहाच्या ओढीवर चालते, त्यामुळे भांगाच्या दिवसांत ती लावून फारसे काही हाती लागत नाही.

संगीताविषयीच्या लेखाची सुरुवात भरती-ओहोटीने करण्याचे कारण आहे. गाण्याचे ध्वनिमुद्रण करताना संगणकाच्या पडद्यावर जी वारंवारतांची रेषा नाचताना दिसते, ती काढणाऱ्या साधनाला वारंवारता-विश्लेषक म्हणतात. आता ते विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरही आले आहे. या साधनामागचे गणित व्यवहारात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते समुद्रासाठी. आणि संगीतात ते वापरताना ज्या चुका होतात, त्या समजून घ्यायलाही समुद्रच उपयोगी पडतो.

समुद्रातील दोन स्वर

चंद्रामुळे येणारी मुख्य भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, तर सूर्यामुळे येणारी बरोबर १२ तासांनी. या दोन लाटा कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींच्या विरुद्ध जातात. दोन्हींची गाठ दर पावणेपंधरा दिवसांनी पडते. तेच उधाण. दोन तंबोऱ्यांच्या तारा जवळजवळ एका स्वरात लागल्या, पण पूर्ण जुळल्या नाहीत, म्हणजे आवाज हेलकावत येतो. या हेलकाव्यांना भौतिकशास्त्रात विस्पंद म्हणतात. उधाण आणि भांग हे समुद्राचे विस्पंद आहेत.

कोणतेही आवर्ती कंपन साध्या लाटांच्या बेरजेत मांडता येते, ही कल्पना फ्रेंच गणिती फूरिए याने उष्णतेवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात मांडली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६७ पासून ती भरतीच्या नोंदींना लावली. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी सतत नोंदली जाऊ लागली. १८७९ मध्ये हिंदुस्थानातील बंदरांसाठी लंडनमध्ये एक खास यंत्र बांधले गेले. कप्प्या आणि चाके यांच्या साहाय्याने ते २० लाटांची बेरीज करून पुढल्या वर्षाचे भरतीचे तक्ते काढून देई.

आता एक प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. अलिबागला फक्त दोन दिवस पाण्याची नोंद घेतली, तर त्या नोंदीवरून चंद्राची लाट आणि सूर्याची लाट वेगळी काढता येईल का? येणार नाही. दोन दिवसांत त्या दोघी जवळजवळ बरोबरीनेच चालतात. त्यांचे वेगळेपण दिसायला निदान एक उधाण ते दुसरे उधाण एवढा काळ, म्हणजे पावणेपंधरा दिवस थांबावे लागते. मोजपट्टी कितीही बारीक घेतली तरी हा काळ कमी होत नाही. नियम असा: दोन वारंवारता वेगळ्या ओळखायच्या असतील, तर १ भागिले त्यांच्यातील फरक, निदान एवढा वेळ ऐकले पाहिजे. हा नियम लक्षात ठेवून आता संगीताकडे वळू.

कानाला लावलेले पोकळ गोळे

समुद्राची लाट यंत्रात येण्याच्या थोडे आधी ध्वनीचे पृथक्करण सुरू झाले होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी स्वरांच्या संवेदनेवरील आपला ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे साधन म्हणजे वेगवेगळ्या आकारांचे पोकळ गोळे. प्रत्येक गोळा एकाच स्वराला अनुनाद देई. त्याचे टोक कानात बसवून वाद्य ऐकले की तो स्वर त्या आवाजात आहे की नाही ते कळे. हा पहिला उपयोगी वारंवारता-विश्लेषक म्हणता येईल. मात्र त्यातला शेवटचा निवाडा कानच करत होता.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर अलेक्झांडर एलिस यांनी १८७५ मध्ये केले. १८८५ मध्ये याच एलिस यांनी सप्तकाचे १२०० भाग पाडणारे ‘सेंट’ हे माप सुचवले आणि निरनिराळ्या देशांतील वाद्यांचे स्वर मोजून असे दाखवले, की जगात एकच एक नैसर्गिक स्वरसप्तक नाही.

देवलांची तार

महाराष्ट्रात या मोजमापाची ओढ लागली ती कृष्णाजी बल्लाळ देवल यांना. देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. प्राचीन ग्रंथांत सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्या आहेत. त्या नेमक्या किती वारंवारतेच्या, हे त्यांना आधुनिक पद्धतीने ठरवायचे होते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी त्यांना साहाय्य केले. गायकाचा स्वर ताणलेल्या तारेवर जुळवायचा, तारेची लांबी मोजायची आणि त्यावरून गुणोत्तर काढायचे, अशी पद्धत. २२ श्रुतींवरील देवलांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघाले. ई. क्लेमंट्स हे आय.सी.एस. अधिकारी त्यांना येऊन मिळाले. या गुणोत्तरांवर आधारलेली खास श्रुती-हार्मोनियम तयार झाली आणि १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली.

परिषदेतील जाणकारांनी ती मान्य केली नाही. परिषदेच्या आयोजनात पुढाकार घेणारे पंडित भातखंडे यांनी आपल्या पद्धतीत बारा स्वर आणि दहा थाट एवढीच चौकट ठेवली. देवलांची चिकाटी खोटी नव्हती आणि तारेवरची मापेही खोटी नव्हती. मग अडले कुठे?

किती वेळ ऐकले?

सोयीसाठी षड्ज २४० हर्ट्झ धरू. शुद्ध गंधाराचे एक गुणोत्तर ५/४, म्हणजे ३०० हर्ट्झ. दुसरे ८१/६४, म्हणजे ३०३.७५ हर्ट्झ. श्रुतीचा सारा वाद या पावणेचार हर्ट्झचा आहे. समुद्राचा नियम लावा: १ भागिले ३.७५, म्हणजे सुमारे पाव सेकंद. हे दोन गंधार वेगळे काढायला स्वर निदान तेवढा वेळ स्थिर हवा. तंबोऱ्यावर हे सहज जमते. ख्यालात गंधार मींडेतून येतो, आंदोलतो, मध्यमाकडे झुकतो आणि जातो. तो पाव सेकंद एका जागी उभा असेलच असे नाही. घसरत्या स्वराची वारंवारता एका आकड्यात सांगणे म्हणजे भरतीच्या मध्येच एकदा काठी बुडवून समुद्राची पातळी सांगणे.

पुढील मोजमापांनी हेच दाखवले. नाझिर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये नामवंत कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोच स्वर वेगवेगळे कलाकार वेगवेगळ्या जागी लावतात, एवढेच नव्हे तर एकच कलाकारही तो बदलतो, असे त्यात आढळले. १९८० च्या दशकात मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये बर्नार्ड बेल यांच्या ‘मेलोडिक मूव्हमेंट अॅनालायझर’ या यंत्रावर गायन-वादनाचे पृथक्करण झाले. नावातच बदललेला दृष्टिकोन आहे: स्वराची जागा नव्हे, स्वराची चाल.

आकड्यांचे आणि तत्त्वांचे हे वाद केवळ पुस्तकी नव्हते. समान अंतराच्या पट्ट्यांमुळे हार्मोनियमचा गंधार आमच्या उदाहरणात सुमारे ३०२.४ हर्ट्झवर पडतो, आणि पट्टीतून मींड निघत नाही. अशा आक्षेपांवरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती काही दशके टिकली. त्या काळात संवादिनीवादकांसाठी रेडिओचे दार बंद राहिले. दरम्यान मैफलीत मात्र उत्तम गायक त्याच पेटीच्या साथीने गात होते आणि श्रोते तृप्त होऊन घरी जात होते.

प्रश्न नेमका असेल तर

मोजमाप व्यर्थ आहे असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ मध्ये त्याच विषयावर सविस्तर निबंध लिहिला. साध्या ताणलेल्या चामड्याची कंपने एकमेकांशी पूर्णांकी प्रमाणात नसतात, म्हणून ढोल घुमतो पण त्यात स्पष्ट स्वर कळत नाही. मृदंग आणि तबल्यावर शाईमुळे चामड्याचा मधला भाग जड होतो आणि पहिली पाच कंपने जवळजवळ १ : २ : ३ : ४ : ५ या प्रमाणात येतात. म्हणून तबला षड्जात मिळवता येतो. रामन यांनी ‘असे का होते?’ एवढेच विचारले. देवलांच्या मापांवरून पुढे ‘असेच असायला हवे’ असे म्हटले गेले. यंत्र पहिल्या प्रश्नाला उत्तर देते. दुसऱ्याला देत नाही.

ट्रामची ढवळाढवळ

पुन्हा अलिबागला येऊ. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. (नाव किल्ल्याचेच, जागा वेगळी.) शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होते. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. तिच्या इमारतींसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला. दोन्ही ठिकाणच्या नोंदी १९०६ पर्यंत बरोबरीने घेऊन ताडून पाहिल्या, मगच मुंबईतील काम थांबवले.

विश्लेषक वापरणाऱ्याने हा धडा पाठ करावा. यंत्राला पृथ्वी आणि ट्राम यांतला फरक कळत नाही. जे पोहोचते ते सारे ते नोंदते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने सदोष जोडणीतून येणारी गुणगुण पडद्यावर ५० आणि १०० हर्ट्झला सुळक्यासारखी उभी राहते. पंख्याची घरघर आणि खोलीचा घुमारा हेही त्यात येतात. असे दोष हुडकण्यात विश्लेषकाला तोड नाही. लहान स्पीकरवर जी घरघर ऐकूच येत नाही, ती तो डोळ्यांना दाखवतो.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. नेहमीच्या ४४,१०० नमुने प्रतिसेकंद या गतीला विश्लेषक एका वेळी ४,०९६ नमुने घेत असेल, तर तो ०.०९३ सेकंदच ऐकतो आणि त्याच्या खुणा सुमारे १०.८ हर्ट्झच्या अंतराने पडतात. आपले दोन गंधार एकत्र वाजले तर त्याला ते एकच दिसतील. १६,३८४ नमुने घेतले तर खुणा २.७ हर्ट्झवर येतील, पण तबल्याचा बोल केव्हा पडला हे पुसट होईल. दोन्ही एकदम मिळत नाही.

दुसरे असे, की पडद्यावरची उंची म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा नव्हे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की कान सर्व वारंवारतांना सारखा तिखट नसतो. ५० हर्ट्झचा आवाज जेमतेम ऐकू यायला तो १,००० हर्ट्झच्या आवाजापेक्षा सुमारे ४० डेसिबलने अधिक लागतो. नवशिक्याला वाटते, रेषा उजवीकडे खाली उतरते आहे, ती सपाट करावी. बहुतेक संगीतात ती उतरतीच असते. सपाट केली तर गाणे कर्कश होते. एखाद्या गाजलेल्या गाण्याची रेषा पाहून आपल्या गाण्याची रेषा तशी वळवणेही तितकेच फोल. त्या गाण्याचा षड्ज वेगळा, वाद्ये वेगळी, गळा वेगळा.

म्हणून मिक्सिंग करताना आणि शेवटचे मास्टरिंग करताना क्रम असा असावा: आधी ऐकावे, काय खटकते ते शब्दांत सांगावे, मग त्याच प्रश्नाचे उत्तर पडद्यावर शोधावे, बदल करावा आणि पडदा झाकून पुन्हा ऐकावे. आधीचे आणि नंतरचे ध्वनिमुद्रण सारख्याच आवाजात लावून पाहावे; नाही तर मोठा आवाज हाच चांगला वाटतो.

वर्गात यासाठी एक सोपा प्रयोग करता येईल. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित विसंवादी लावा आणि सेकंदाला किती हेलकावे येतात ते मुलांना डोळे मिटून मोजू द्या. तीच तार मोबाइलवरील विश्लेषकाला दाखवा. हेलकावा दोन सेकंदांतून एकदा येत असेल तर फरक अर्ध्या हर्ट्झचा. कान तो लगेच सांगेल. पडद्यावर बहुधा एकच सुळका दिसेल. मग एक तार अगदी सावकाश पिळत न्या. हेलकावे लांबत लांबत थांबतील आणि जोड मिळेल. ज्या मुलांना हे ऐकू आले, त्यांना अलिबागचे उधाण आणि भांग वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.