सवाल ऐकणारे कान

सोलापूरच्या राम जोशींचे नाव घेतले की आम्हांस प्रथम आठवतो तो लावणीचा फड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गाजलेले हे शाहीर कीर्तन-पुराण सांगणाऱ्या ब्राह्मण घराण्यातले. डफ-तुणतुण्याच्या नादाने ते तमाशात रमले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढले, अशी परंपरागत कथा आहे. पुढे पंढरपुरास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले आणि ते पांडित्य लावणीत उतरवले.

त्या काळच्या शाहिरीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असत. कलगीवाले शक्तीला, तर तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानीत. प्रतिपक्षास निरुत्तर करण्याची ईर्ष्या उघड होती. तिनेच रचनेला धार येई. परंतु सवाल नीट ऐकल्याखेरीज जवाब रचता येत नसे. अहंकारालाही तेथे कान द्यावेच लागत.

बारामतीचे पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी या तमासगिराची कवित्वशक्ती ओळखून तिचा गौरव केला, असे सांगतात. राम जोशींनीही पुढे कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत पोचविल्या. पंडिताने फडातल्या कवीला मान दिला, शाहिराने दुसऱ्याचे काव्य आपल्या गळ्यात घेतले. लाभ मराठीचा झाला.

आमच्या धर्मग्रामांतील सभांतही सवाल पुष्कळ निघतात. स्वाभिमान टाकावा, असे आम्ही म्हणत नाही. जवाबापूर्वी सवाल पुरता ऐकावा, एवढे तरी त्या फडापासून आपण घ्यावे.